कोरा गट

शलाका खैरनारने स्वतःचे केस यंत्रात घातले ते निव्वळ घाईमुळे.

अभ्यासासाठी साठ निरोगी तरुण माणसांचे केस हवे होते आणि गुरुवारी दुपारपर्यंत एकोणसाठ जमले होते. साठावी मुलगी ‘निघालेच’ असं फोनवर दोनदा सांगून आलीच नाही. शेवटी शलाकाने स्वतःची वेणी सोडली, डोक्याच्या मागच्या बाजूने, कातडीला अगदी लागून पेन्सिलीएवढी बट कापली, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला आणि पाकिटावर साठ आकडा घातला. मग इतरांसारखाच फॉर्म भरला. वय सव्वीस. झालेल्या शस्त्रक्रिया : अपेंडिक्स, चार वर्षांपूर्वी. ‘तुमच्या पेयात कोणी गुंगीचं औषध मिसळल्याची शंका तुम्हाला कधी आली आहे का?’ या प्रश्नापुढे तिने विचारही न करता ‘नाही’वर खूण केली.

नाशिकच्या त्या खासगी केशविज्ञान केंद्रात ती दोन वर्षं तंत्रज्ञ होती. राज्यातल्या मोठ्या शहरांतले बार पहाटेपर्यंत उघडे ठेवायचे की नाहीत यावर सरकारने एक समिती नेमली होती आणि त्या समितीला एका साध्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं : बाहेर मजा करायला जाणाऱ्या तरुण मुलामुलींच्या पेयांत औषध मिसळण्याचे प्रकार नक्की किती होतात? हॉटेलमालकांची संघटना म्हणायची, तुरळक. मुलींच्या संघटना म्हणायच्या, सर्रास. खरं कोणालाच माहीत नव्हतं, कारण ही औषधं रक्तातून आणि लघवीतून फार लवकर निघून जातात. मुलगी शुद्धीवर येऊन, घाबरून, मैत्रिणीशी बोलून, धीर करून पोलिसांकडे जाईपर्यंत शरीरात काही उरलेलंच नसतं. तपासणीचा कागद कोरा येतो आणि मग सगळे म्हणतात, बाई गं, तुला जास्त झाली होती.

केस मात्र विसरत नाही. तो मुळाशी तयार होत असतो तेव्हा त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांत जे काही असेल त्याचा अंश केसात अडकून बसतो आणि केसाबरोबर वर सरकत राहतो. दिवसाला साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, महिन्याला एक सेंटिमीटरच्या थोडं वर. जुन्या पद्धतीत केसाचे सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे करून ते विरघळवत, त्यामुळे महिन्याभराची सरासरी हाती यायची आणि एका दिवसाची एकच मात्रा त्या सरासरीत बुडून जायची. केंद्राच्या प्रमुख डॉ. मृणालिनी देवस्थळींनी बनवलेला ‘केशवाचक’ केसाचे तुकडे करत नसे. लेझरचा अतिसूक्ष्म किरण केसावरून मुळापासून टोकापर्यंत फिरायचा, जिथे पडेल तिथली कणभर वाफ उडवायचा आणि त्या वाफेतले रेणू वजनावरून ओळखले जायचे.

तारीख कशी काढायची हा खरा प्रश्न होता, कारण सगळ्यांचे केस सारख्या वेगाने वाढत नाहीत. त्याचं उत्तर बाईंना शरीरातच सापडलं. आपण सकाळी उठतो तेव्हा रक्तात एक संप्रेरक चढतं, संध्याकाळी उतरतं. केसावर त्याचं रोज एक पुसट वलय उमटतं, झाडाच्या खोडात वर्षाचं उमटावं तसं. वलयं मोजली की दिवस मोजले. आणि ज्या दिवशी ऑपरेशनसाठी भूल दिली गेली, ताप आला म्हणून औषध घेतलं, ते दिवस मैलाच्या दगडांसारखे मध्ये मध्ये लागतातच. एकच दिवस गुंगीचं औषध घेतलेल्या चाळीस रुग्णांचे केस नावं झाकून यंत्राला दिले होते तेव्हा त्याने अडतीस जणांच्या तारखा एक दिवस इकडे-तिकडे बरोबर सांगितल्या होत्या. ज्यांनी असलं औषध कधीच घेतलं नव्हतं अशा चाळीस वृद्धांच्या केसांत त्याला काहीही सापडलं नव्हतं. तक्रार केलेल्या दोनशे जणांचे केस समितीसाठी वाचून झाले होते; हे साठ तुलनेसाठी होते.

शलाकाची वेणी कमरेपर्यंत होती. तिचा केस वाचायला यंत्राला पावणेदोन तास लागले. पडद्यावर हिरवी रेष बराच वेळ सपाट धावत होती आणि शलाका शेजारी बसून डब्यातले पोहे खात होती. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर ओलांडल्यावर रेष एकदम सुईसारखी उभी राहिली आणि लगेच खाली आली. अपेंडिक्सच्या भुलेची अपेक्षित खूण त्याच्या पुढे चार सेंटिमीटरवर वेगळी लागली.

तिने डबा बाजूला ठेवला. कुठेतरी हात लागला असेल, आधीच्या नमुन्याचा अंश राहिला असेल. तिने यंत्र धुतलं, दुसरा केस घातला. मग तिसरा. सुई तिन्ही वेळा त्याच जागी होती. शेवटी तिने वलयं मोजायला लावली. एक हजार तीनशे चाळीस दिवस. साडेतीन वर्षांच्या वर. एकोणीस मार्च.

त्या तारखेला काय झालं होतं हे आठवायला तिला कॅलेंडर लागलं नाही.

एकोणीस मार्चला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत द्राक्ष महोत्सव होता. शलाका तेव्हा नाशिकला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातले आणि होस्टेलमधले मिळून सात जण गेले होते. उन्हं उतरताना त्यांनी हिरवळीवर टेबल धरलं, गाणी सुरू झाली, शलाकाने दोन ग्लास वाईन घेतली. तिसऱ्याचा पहिला घोट तिला आठवत होता. त्यानंतर जे आठवत होतं ते थेट होस्टेलच्या खोलीतलं छत.

मधल्या काळातला एक तुकडा मात्र तिच्याखेरीज सगळ्यांनी पाहिला होता. कोणीतरी बेचाळीस सेकंदांची चित्रफीत काढली होती. त्यात शलाका पार्किंगच्या पायऱ्यांवर बसून स्वतःशी हसत होती, उठायला जात होती, कोसळत होती, ओढणी एकीकडे, एक पाय अनवाणी. मागून कोणीतरी म्हणत होतं, “खैरनार मॅडम, प्रॅक्टिकल आहे उद्या!” दोन दिवसांत ती फीत कॉलेजभर झाली आणि चौथ्या दिवशी सटाण्याला पोहोचली. तिचे वडील भास्कर खैरनार तिथल्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. डेपोच्या कँटीनमध्ये त्यांच्या बोरसे नावाच्या सहकाऱ्याने त्यांना ती दाखवली, “आप्पा, ही आपली शलूच ना?” असं विचारत.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, “परीक्षा दे आणि घरी ये.” त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. आई नव्हतीच, शलाका बारावीत असताना गेली होती. शलाकाची पीएच.डी. करायची इच्छा होती, पण शिफारसपत्र मागायला प्राध्यापकांसमोर उभं राहायचा तिला धीर झाला नाही. तिने वर्ष घरी काढलं, मग तंत्रज्ञाची ही नोकरी धरली. आणि या सगळ्या काळात तिने एकाच माणसाला दोष दिला. स्वतःला.

ती उठून देवस्थळीबाईंच्या खोलीत गेली आणि आलेख त्यांच्या टेबलावर ठेवला.

“क्रमांक साठ,” बाई म्हणाल्या. “कोण आहे?”

“मी.”

बाईंनी चष्मा काढला. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या त्या. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “शलाका, मला फार वाईट वाटतंय. तू चार दिवस सुट्टी घे. आणि नमुन्याची काळजी करू नकोस, आपण साठावा दुसरा घेऊ.”

“का?”

“अगं, हा तुलनेचा गट आहे. ज्यांना असं काही झालेलं नाही अशांचा. म्हणून तर आपण त्याला कोरा गट म्हणतो. तू त्यात बसत नाहीस.”

शलाकाला त्या क्षणी ते पटलं. सुट्टी मात्र तिने घेतली नाही. घरी बसून काय करणार होती ती? त्याऐवजी तिने उरलेले एकोणसाठ नमुने लावायला घेतले आणि अठरा दिवसांत संपवले.

पंधरा जणांच्या केसांत गुंगीच्या औषधाची खूण होती. चौघांच्या फॉर्ममध्ये ऑपरेशनची नाहीतर दाताच्या उपचारांची तारीख होती, तीच यंत्राने दाखवली होती. एका मुलाने अशी गोळी आपण होऊन घेतल्याचं फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं होतं. उरले दहा. सात मुली, तीन मुलगे. प्रत्येकाच्या केसात नोंदलेला एकच दिवस, त्याच दिवशी मद्याचाही अंश, आणि फॉर्मवर ‘शंका आली आहे का’पुढे ‘नाही’. शलाका धरून साठात अकरा.

निकाल कळवावा असं त्या दहांपैकी आठ जणांनी लिहून दिलं होतं. बाईंनी समुपदेशक बोलावली आणि शलाकाने एकेकाला भेटायला बोलावलं. आठव्या मुलीने तारीख ऐकून मान खाली घातली आणि म्हणाली, “ती मीच घेतली होती. फॉर्मवर लिहायला लाज वाटली.” शलाकाने अकराचे दहा केले. बाकीच्या सातही जणांनी मात्र ती तारीख शलाकासारखीच ‘आपल्याला जास्त झाली’ म्हणून लक्षात ठेवली होती. एक जण, चांगला सहा फूट उंच, खांद्यापर्यंत केस वाढवलेला, नगर रोडच्या एका गॅरेजचा मालक, हातातल्या किल्ल्या फिरवत बसला. “त्या रात्री माझी गाडी, फोन, सगळं गेलं होतं,” तो म्हणाला. “घरी सांगितलं, दारूत गेलं. भावाने अजून घरच्या गाडीची चावी हातात दिलेली नाही. मला वाटलं, हे असलं मुलींनाच होतं.”

अहवाल द्यायला नऊ दिवस राहिले होते. बाईंच्या टेबलावर त्याच्या वेगवेगळ्या मजकुराच्या दोन प्रती होत्या.

“बघ,” बाई म्हणाल्या. “तक्रार केलेल्या दोनशे जणांपैकी एकशे एकतीस जणांच्या केसांत खूण आहे. हाच आपला मुख्य निष्कर्ष. तो भक्कम आहे. पण कोऱ्या गटातच साठात दहा आहेत असं मी लिहिलं, तर हॉटेलमालकांच्या संघटनेचा वकील पहिल्या पाच मिनिटांत म्हणेल, यंत्र खोटं आहे, सगळीकडेच दाखवतं. आणि मग त्या एकशे एकतीस जणांचंही कोणी ऐकणार नाही. म्हणून हे दहा बदलावेत. स्वच्छ दहा घ्यावेत.”

“मॅडम, रस्त्यातून कुठलीही साठ माणसं उचलली. त्यात दहा निघाली. ती काढून आपण ज्यांना काही झालं नाही असे दहा भरले, तर आपण मोजलं काय? जे वाचले तेवढेच निवडायचे आणि म्हणायचं, बघा, सगळे वाचलेत.”

“साठ फार लहान आकडा आहे, शलाका.”

“लहान आहे असं लिहा ना. पण लिहा. समितीने विचारलंय किती होतं. याचं उत्तर तक्रार करणाऱ्यांत नाहीच, ते या गटात आहे. ज्यांना कळलंच नाही त्यांच्यात. या दहांनी आयुष्यभर दारूला आणि स्वतःला शिव्या घातल्यात.”

बाईंनी दोन्ही प्रती खणात ठेवल्या. “मी विचार करते,” म्हणाल्या.

रविवारी सकाळच्या बसने शलाका सटाण्याला गेली. आप्पा निवृत्त झाले होते. त्यांनी चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला आणि पेपर उघडला. तिने पेपराच्या वर आलेखाचा कागद ठेवला आणि सगळं सांगितलं, केस, वलयं, तारीख. आप्पांनी कागद दूर धरून, जवळ धरून पाहिला.

“म्हणजे तुझी चूक नव्हती,” ते म्हणाले. “यंत्रात आलंय. बाळ, मला हे आधी सांगितलं असतंस तर...”

“तुम्ही विचारलं होतं का?”

आप्पांनी कागदाची घडी घातली.

“आप्पा, मला आधी माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. पण पायऱ्यांवर पडलेली मुलगी तुमची होती, एवढं तर दिसत होतं? ती पडली कशी, तिला लागलं का, तिच्यासोबत कोण होतं, हे तुम्ही विचारलं नाही. आणि समजा, ती दारूनेच पडली असती. तिची फीत काढून गावभर फिरवणाऱ्यापेक्षा ती जास्त वाईट ठरत होती का?”

“मी तुला माफ...”

“नको. माफ करण्यासारखं मी तेव्हाही काही केलं नव्हतं. यंत्र सांगतंय म्हणून आज तुमचा विश्वास बसला. ज्यांचे केस आखूड आहेत त्यांनी काय करायचं?”

हे तिने आवाज न चढवता म्हटलं. आप्पा उठले आणि आत गेले. ती दुपारच्या बसने परतली. मंगळवारी त्यांचा फोन आला. “मी आज डेपोत गेलो होतो. कँटीनमध्ये बोरसे होता, बाकीचेही होते. सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, माझ्या मुलीला विष घातलं होतं आणि तू ते हसत हसत बघितलंस. तू तर बघितलंसच, मीही बघितलं.” मग ते म्हणाले, “चहा तसाच टाकून गेला तो.” “जेवलात का?” शलाकाने विचारलं. गेल्या साडेतीन वर्षांत तिने त्यांना हे विचारलं नव्हतं.

यंत्राने दिवस सांगितला होता, हात कोणाचा होता ते सांगितलं नव्हतं. टेबलाभोवती सात जण होते. शलाका रोज त्या सहा चेहऱ्यांवरून मनात फिरत होती आणि त्यातला कुठलाच चेहरा आता तिला साधा दिसत नव्हता. शेवटी ती केतकीकडे गेली. केतकी तिची होस्टेलमधली खोलीसोबतीण, त्या संध्याकाळी तिला रिक्षात घालून परत आणणारी. आता ती कॉलेज रोडवर फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवत होती. अकराची वेळ होती, दोन रुग्णांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी होती.

शलाकाने कागद दाखवला. केतकीने तो पूर्ण वाचला नाही. तारखेपाशीच थांबली.

“विहंगने टाकलं,” ती म्हणाली. विहंग त्या टेबलावरच्या सातांपैकीच एक.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“मी बघितलं होतं. बाटलीतून थेंब टाकताना. तो म्हणाला, गंमत बघ, सगळ्यांच्याच ग्लासात टाकणार आहे. मला वाटलं, व्होडका वगैरे असेल. मग तू उठलीस आणि... मी तुला शोधायला आले तेव्हा तास-दीड तास झाला होता, शलाका. मधे काय झालं मला खरंच माहीत नाही. तू एकटीच होतीस पायऱ्यांवर.”

“आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, जास्त झाली तुला.”

केतकी रडू लागली. “तेव्हा तो आमच्या ग्रुपचा होता. त्याचं नाव घेतलं असतं तर मी एकटी पडले असते.”

“मी पडले.”

बाहेर रुग्ण येऊन बसल्याचा आवाज आला. केतकीने टॉवेलने डोळे पुसले आणि अचानक स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. तिचे केस कानाच्याही वर कापलेले होते. “माझीही एक रात्र अशी आहे,” ती हळूच म्हणाली. “पुण्यात, नोकरीच्या पहिल्या वर्षी. मीपण दारूच समजत आले. आता कळणारही नाही.”

शलाकाच्या मनात तिच्याविषयी दया आली आणि राग गेला नाही. दोन्ही तसेच राहिले. “पोलिसांत जबाब देशील?” तिने विचारलं.

“देईन.”

“लिहून दे.”

केतकीने लिहून दिलं. तिथूनच शलाकाने विहंगला फोन लावला. तो आता बंगळुरूला एका कंपनीत होता, नुकतंच लग्न झालेलं. आवाज ओळखून त्याला आधी आनंदच झाला. मग ती बोलत गेली तसा तो हसला. “अगं, कॉलेजातली गंमत होती ती. इतकं मनाला लावून घेतेस? तेव्हा सगळेच करायचे.”

“सगळे म्हणजे किती?”

“म्हणजे... काय किती?”

“किती जण करायचे? किती जणींना? मला आकडा हवाय, विहंग. इकडे एक समिती बसली आहे आणि ती म्हणते, असं क्वचितच होतं. तू म्हणतोस, सगळेच करायचे. तुला जास्त माहिती आहे.”

त्याने फोन ठेवला. शलाका क्लिनिकमधून थेट पोलीस ठाण्यात गेली. तक्रार घ्यायला त्यांनी तीन तास लावले. ती तीन तास बसली.

समितीची सुनावणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता होती. अध्यक्ष एक निवृत्त कुलगुरू होते. सुनावणी खुली होती; सभागृहात शंभरेक माणसं, त्यात निकाल कळलेले ते सात जणही. देवस्थळीबाई उभ्या राहिल्या, त्यांच्या हातात एकच प्रत होती. शलाकाला ती कुठली हे माहीत नव्हतं. बाईंनी पाणी प्यायलं आणि वाचायला सुरुवात केली. सातव्या पानावर त्या म्हणाल्या, “तुलनागटातील साठ व्यक्तींपैकी दहा व्यक्तींच्या केसांत स्पष्टीकरण न मिळालेली खूण आढळली. हा गट लहान आहे. तरीही हा आकडा आम्ही वगळलेला नाही.”

संघटनेचे वकील अपेक्षेप्रमाणे लगेच उठले. “कोऱ्या गटात डाग कसे? दोनच शक्यता आहेत. एक तर यंत्र चुकतंय, नाहीतर हे दहा जण स्वतः घेतलेल्या नशेबद्दल खोटं बोलतायत. बाई, हे दहा आहेत तरी कोण? नुसते आकडे बोलत नाहीत.”

“मी बोलते,” शलाका म्हणाली.

बाईंनी मागे वळून पाहिलं, पण थांबवलं नाही. शलाका पुढे गेली. “क्रमांक साठ मी आहे. शलाका भास्कर खैरनार. या केंद्रात तंत्रज्ञ आहे. हे सगळे नमुने मीच वाचले आहेत. एकीने स्वतः घेतल्याचं सांगितल्यावर अकराचे दहा मीच केले.”

वकिलांनी आवाज मऊ केला. “ताई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मद्य घेतलं होतं?”

“हो. दोन ग्लास.”

“तुमच्या मर्जीने?”

“पूर्ण मर्जीने. छान होती वाईन. दोन ग्लास माझ्या मर्जीचे होते. तिसऱ्यात जे घातलं ते माझ्या मर्जीचं नव्हतं. तुम्हाला हा फरक कळत नसेल असं मला वाटत नाही.”

मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी हात वर केला. तेवढ्यात तो उंच गॅरेजवाला उभा राहिला. “मी क्रमांक बावीस,” तो म्हणाला आणि उभाच राहिला. मग एक मुलगी उठली, मग आणखी एक. सातांपैकी पाच जण उभे राहिले. दोघांनी नाव सांगितलं, तिघांनी नुसता क्रमांक.

शेवटी वकिलांनी लेखी मागणी केली की हा गट बाद करून नवे साठ जण घेण्यात यावेत आणि जाहीर आवाहन करून घ्यावेत, म्हणजे केंद्राने निवडले असं कोणी म्हणणार नाही. अध्यक्षांनी ती मान्य केली आणि पहाटेपर्यंतच्या परवानगीचा निर्णय तोवर थांबवला. बाहेर आल्यावर बाई चिडलेल्या होत्या. “सगळं पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरांत शलाकाचं नाव आलं. ती जुनी फीत कोणीतरी पुन्हा बाहेर काढली, खाली शेकड्यांनी शेरे आले, काही वाचवत नाहीत असे. तिने ते वाचले आणि फोन बंद केला नाही. विहंगच्या वकिलाची नोटीस आली, ती तिने तपास अधिकाऱ्याच्या हातात नेऊन दिली. आवाहन शनिवारी छापून आलं : वीस ते तीस वयाचे, तक्रार नसलेले स्वयंसेवक हवेत, सोमवारी सकाळी नऊ वाजता.

सोमवारी शलाका पावणेनऊला पोहोचली तर केंद्राच्या गल्लीत तिला गाडी लावायला जागा मिळेना. रांग फाटकातून निघून रसवंतीपर्यंत आणि तिथून वळून मुख्य रस्त्यावर गेली होती. कॉलेजच्या मुली, नोकरीवर जायच्या कपड्यांतले तरुण, दोन परिचारिका, कडेवर बाळ घेतलेली एक बाई. तिशीच्या पुढचेही बरेच होते. शलाका फाटकातून आत शिरताना त्या बाळवाल्या बाईने तिला हाताला धरून थांबवलं.

“ताई, मी चौतीसची आहे. चालेल का?”

“तुम्हाला तक्रार करायची आहे का?”

“नाही हो,” ती म्हणाली. “मला फक्त मोजून घ्या.”

शलाका धावत जिना चढली. देवस्थळीबाई खिडकीशी उभ्या होत्या, हाताची घडी घातलेली.

“पाचशेच्या वर असतील,” बाई म्हणाल्या. “मला हवे होते साठ. आणि हे सगळे पेपर वाचून आलेत, ज्यांच्या मनात शंका आहे तेच आलेत. शास्त्राच्या दृष्टीने हा गट काही कामाचा नाही, शलाका. यावरून मला एकही टक्केवारी काढता येणार नाही.”

“मग काय करू, मॅडम? परत पाठवू?”

खाली रांग हळूहळू पुढे सरकत होती. कोणीतरी फाटक पूर्ण उघडलं होतं. बाईंनी हाताच्या बाह्या दुमडल्या.

“चिठ्ठ्या टाकून साठ जण वेगळे काढू, ते समितीला,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचे त्यांच्या स्वतःसाठी. सगळ्यांचे वाचायला वर्ष लागलं तरी लागू दे. कात्री आण. दोन आण.”